टायरबदल आणि गाडीचे ॲव्हरेज
मोटारगाडीचे झिजलेले टायर काढून नवे बसवल्यावर इंधनखर्चात पडणारा फरक. नव्या टायरवर ॲव्हरेज घटल्याची तक्रार सर्रास ऐकू येते. ती निराधार नसते, पण मीटरवर दिसणारी सगळी घटही खरी नसते.

टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो आणि पुढे सरकला की पुन्हा फुगतो. दबताना रबराने घेतलेली काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायरचा रोध. नक्षी जितकी खोल, तितके दबणारे रबर जास्त. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. घासून १.६ मिमी या कायदेशीर मर्यादेला आलेल्या टायरचा रोध जवळपास पाचव्या हिश्शाने कमी भरतो. रोध १० टक्के बदलला की इंधनखर्च १ ते २ टक्के बदलतो. म्हणजे खरी घट २ ते ४ टक्क्यांची.

उरलेली घट मीटरची. मीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजते. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरची त्रिज्या सुमारे ३११ मिमी असते. ती ६.४ मिमीने झिजली, की प्रत्यक्ष १०० किमीला मीटर १०२ दाखवते. लिटरला २० किमी देणारी गाडी गोटा टायरवर २०.४ देते असे वाटते, आणि नवे टायर पडताच तो फुगवटा जातो. हौसेने २०५/६५ चा टायर घातला तर उलटे होते: घेर ४ टक्क्यांनी वाढतो, मीटर तेवढे कमी दाखवते, वर टायरचे वजन वाढते ते वेगळेच.

सगळे नवे टायर सारखे नसतात. मिशेलिनने १९९२ मध्ये कार्बन ब्लॅकऐवजी बरीचशी सिलिका वापरून ओल्या रस्त्यावरची पकड न सोडता रोध कमी केला. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या एआयएस-१४२ या मानकात रोध, ओली पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा आहेत.

मानोऱ्यात (जि. वाशीम) हा फरक रस्त्यागणिक बदलतो. दिग्रस किंवा मंगरुळपीरच्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगात खर्चातला टायरचा वाटा मोठा असतो. रोध वजनाबरोबर वाढतो, त्यामुळे रामनवमीच्या यात्रेसाठी पोहरादेवीकडे निघालेल्या भरगच्च गाडीला तो अधिक जाणवतो. तेव्हा हवा कमी असेल तर इंधन जास्त जाते आणि टायरही तापतो. कारंज्याकडून समृद्धी महामार्गावर चढून १२० गाठले, की वाऱ्याचा अडथळा टायरवर मात करतो. याच महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागल्याने परिवहन विभागाने २०२३ मध्ये टायरतपासणी सुरू केली. दोन-चार टक्के इंधनासाठी गोटा टायर चालवणे हा जिवाशी खेळ आहे. पावसात पाणी बाजूला सारायला त्याला खाचाच उरलेल्या नसतात.

तुलना करायची तर हवा गाडी थंड असताना, दारावरच्या पट्टीप्रमाणे भरावी, अलाइनमेंट तपासावे, आणि टाकी दोन्ही वेळा एकाच पंपावर फुल करून अंतर मीटरऐवजी मोबाइलच्या जीपीएसवर मोजावे.