लाल कोटाच्या आतला शिपाई

दिवाळीतला मातीचा किल्ला आणि गणपतीतला देखावा, या दोन गोष्टी मराठी माणूस जाईल तिथे बरोबर नेतो. भिलाईत पोलाद कारखान्याच्या निमित्ताने आपण आलो, स्थिरावलो, आणि रुआबांध्याच्या क्वार्टरांच्या अंगणातही किल्ले उभे राहिले. किल्ल्यावर मावळे हवेत, आणि मावळे हवेत म्हणजे समोर शत्रूही हवा. निवृत्तीनंतर हे मातीचे सैनिक रंगवण्याचे काम मुलांनी माझ्याकडे सोपवले आहे. या कामातून मला जो इतिहास उलगडला, तो स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो.

विषय घेतला होता सीताबर्डीच्या लढाईचा. आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ विदर्भात. शिवाय छत्तीसगड हा नागपूरकर भोसल्यांचाच मुलूख होता. बिंबाजी भोसले रतनपुराहून इथला कारभार पाहत. तेव्हा नागपूरची लढाई ही आपल्या दोन्ही घरांची लढाई. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी ती सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. एका बाजूला अप्पासाहेब भोसल्यांची फौज, इंग्रजांच्या हिशेबाने सुमारे अठरा हजार. दुसऱ्या बाजूला रेसिडेंट जेंकिन्सच्या रक्षणासाठी टेकड्यांवर चढलेले कंपनीचे सुमारे चौदाशे लोक.

आता रंग. मुले म्हणाली, "आजोबा, इंग्रज म्हणजे लाल कोट आणि गोरा चेहरा!" लाल कोट बरोबर. १६४५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने उभारलेल्या नव्या फौजेपासून हा लाल रंग इंग्रज पायदळाची खूण झाला, आणि कंपनीने तो आपल्या देशी पलटणींनाही चढवला. पण लालातही दोन जाती. साध्या शिपायाचे कापड मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांनी रंगवीत, कारण तो रंग स्वस्त. तो विटकरीकडे झुकणारा, उन्हापावसात अधिकच फिका पडणारा. अधिकाऱ्याचा कोट मात्र किड्यापासून काढलेल्या महाग रंगाचा, झळझळीत. आपल्या कारखान्यातल्या मंडळींना सोपे करून सांगतो : शिपायाला लालात थोडे रेड ऑक्साइड मिसळावे, अधिकाऱ्याला निव्वळ लाल द्यावा. छातीवर पांढरे आडवे पट्टे, डोक्याला गडद पागोटे. कंपनीचे बंगाली घोडदळ मात्र लाल नव्हते. कॅप्टन फिट्झजेराल्डबरोबर ज्या स्वारांनी मैदानात उतरून हल्ला केला, त्यांचा कोट फिकट निळसर राखी.

खरा प्रश्न चेहऱ्याचा होता. टेकडीवर लढणाऱ्या विसाव्या आणि चोविसाव्या पलटणी मद्रासच्या होत्या. अधिकारी गोरे, पण बंदूक धरणारे तामिळ, तेलुगू मुलखातले लोक. घोडदळाचे स्वार उत्तर हिंदुस्थानातले. आणि भोसल्यांच्या बाजूने सर्वांत चिवटपणे लढले कोण? अरब! दारूगोळ्याची गाडी उडून गोंधळ झाला, तेव्हा लहान टेकडी त्यांनीच काबीज केली होती. म्हणजे समुद्रापलीकडून आलेले आपल्या बाजूला, आणि याच भूमीचे लोक कंपनीच्या बाजूला. भोसल्यांच्या बहुतेक लोकांना एकसारखा गणवेशही नव्हता. ज्याचा त्याचा अंगरखा, ज्याची त्याची पगडी. चेहऱ्यासाठी मात्र दोन्ही बाजूंना मी एकाच डबीतला तपकिरी रंग वापरला. मुलांना हे आवडले नाही. "मग शत्रू ओळखायचा कसा?" असे एकाने विचारले. या एका प्रश्नावर संध्याकाळभर बोलणे झाले, आणि माझ्या मते तोच आमच्या किल्ल्याचा खरा लाभ.

रंगाची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लाल कोट सर्वांना सारखाच, मग पलटण ओळखायची कशी? तर कॉलर आणि बाहीच्या पट्ट्यांच्या रंगावरून. तो रंग म्हणजे पलटणीची अब्रू. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका जुन्या पलटणीचे 'काळी पाचवी' हे नाव याच काळ्या पट्ट्यांवरून पडले. आणि सीताबर्डीच्या चोविसाव्या पलटणीची कथा तर विलक्षण. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरला मद्रासी शिपायांचे बंड झाले. त्याचे एक मोठे कारण पोशाखच होते. नव्या घाटाचे पागोटे, कपाळावरच्या गंधाला बंदी, दाढीमिशांवर हुकूम. बंड चिरडले गेले, पहिल्या पलटणीचा नंबर पुसला गेला, आणि तिच्यातूनच चोविसावी घडवली गेली. अकरा वर्षांनी सीताबर्डी जिंकल्यावर बक्षीस काय हवे, तर या शिपायांनी आपला जुना नंबर आणि जुन्या पट्ट्यांचा रंग परत मागितला. तो मिळालाही. पोटासाठी परक्याची चाकरी करणाऱ्या माणसालाही मान हवा असतो, हे त्या चार बोटे रुंद कापडाने मला शिकवले.

पुढे रंग बदलत गेले. १८४६ साली पेशावरला उभारलेल्या गाइड्स पलटणीने मातकट कपडे आणले, आणि 'खाक' म्हणजे धूळ यावरून 'खाकी' शब्द जगभर गेला. आपल्या कारखान्याच्या गेटवरच्या सीआयएसएफ जवानाच्या अंगावर आपण तोच रंग पाहतो.

सीताबर्डीनंतर अप्पासाहेबांचे राज्य गेले, छत्तीसगडचा कारभार १८१८ पासून १८३० पर्यंत इंग्रजांनी चालवला आणि राजधानी रतनपुराहून रायपूरला आली. १८५४ साली सारेच राज्य खालसा झाले. पण गणवेश घातला म्हणून आतला माणूस विकला गेला असे नाही. १८ जानेवारी १८५८ रोजी रायपुरात तिसऱ्या पलटणीच्या हनुमानसिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केले. त्याच्या सतरा साथीदारांना २२ जानेवारीला फाशी झाली. त्यांच्या अंगावरही सरकारचाच गणवेश होता.

म्हणून तरुण मित्रांना विनंती आहे की देखावा करताना लाल रंग जरूर वापरा, पण चेहरे रंगवताना घाई करू नका. कोण कोणाच्या बाजूने लढला याबरोबर तो का लढला हेही लहानांना सांगा. पोटासाठी दूर देशी येऊन गणवेश घालणे म्हणजे काय, हे आपण भिलाईकर तर चांगलेच जाणतो. नागपूरला जाणे झाले, तर सीताबर्डीचा किल्ला ज्या मोजक्या दिवशी लोकांसाठी उघडतात, त्या दिवशी मुलांना घेऊन अवश्य चढा. दोन्ही टेकड्या पाहिल्या की ही लढाई मातीच्या किल्ल्याहून अधिक स्पष्ट कळते.

बुद्धिदाता गजानन आपणा सर्वांना इतिहास डोळसपणे पाहण्याची दृष्टी देवो. गणपती बाप्पा मोरया!