पाण्यावरचा मुक्काम : प्रस्तावना

वसईच्या किल्ल्याविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. चिमाजी अप्पांची 1737 ते 1739 ची मोहीम, तिच्यातले सुरुंग, शेवटचा तह, देवळांत पोहोचलेल्या चर्चच्या घंटा यांची माहिती इथल्या शाळकरी मुलांनाही असते. पण किल्ल्याच्या दर्या दरवाजातून बाहेर पडल्यावर समोर जे पाणी लागते, त्यावर माणसे रात्र कशी काढत, भात कुठे शिजवत, गोडे पाणी किती दिवस पुरवत, झोपेत नौका वाहून जाऊ नये म्हणून काय करत, याविषयी आपल्याकडचे लेखन फार विरळ आहे. या ग्रंथात ज्या अभ्यासक्षेत्राची ओळख करून द्यायची आहे, ते याच प्रश्नांचे. शिडाच्या नौकेतून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणे आणि जाता जाता त्या नौकेलाच घर करून राहणे, हा त्याचा विषय.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत आहे. आधी इतिहासाची पदवी हवी, पोहता यायला हवे किंवा स्वतःची नौका हवी, अशी कोणतीही अट नाही. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा इथल्या धक्क्यांवर बसून ऐकण्याची तयारी असली तरी सुरुवात होते. मात्र एक विनंती आहे. नौकेकडे पाहताना ती युद्धाचे किंवा मासेमारीचे साधन आहे एवढ्यावर थांबू नये. तिला घर म्हणून पाहावे. घर म्हटले की चूल, पाण्याचे पिंप, अंथरूण, आजारपण, भांडण आणि वडीलधाऱ्याचा शब्द हे सगळे आले. नौकेवर हा वडीलधारा म्हणजे तांडेल. शीड कधी उभारायचे हे तो ठरवतो आणि जेवण कधी व्हायचे हेही बहुतेक वेळा त्याच्याच निर्णयावर अवलंबून असते.

उत्तर कोकणात या घराचे वेळापत्रक वाऱ्याइतकेच, किंबहुना वाऱ्याहून जास्त, भरती-ओहोटी ठरवते, असे माझे मत आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी साधारण दोन मीटर चढते-उतरते. मुंबई-वसईकडे हाच फरक चार ते पाच मीटरपर्यंत जातो आणि खंभातच्या आखातात, भावनगरकडे, दहा मीटरच्या आसपास पोहोचतो. समुद्रतळाचा उथळ पट्टा इकडे रुंद होत जातो, आखात आत निमुळते होते आणि आत शिरणारे पाणी कोंडून उंच चढते. म्हणून दक्षिणेत राहण्याची सवय झालेल्या दर्यावर्द्याला वसईच्या खाडीत मुक्काम करायचा तर सगळे नव्याने शिकावे लागते.

नांगराचेच उदाहरण घेऊ. सुकतीच्या वेळी तीन मीटर पाणी आहे असे पाहून कोणी नांगर टाकला आणि खोलीच्या पाचपट दोर सोडावा या नेहमीच्या हिशोबाने पंधरा मीटर दोर दिला. सहा तासांनी तिथे सात मीटर पाणी झाले. आता दोर पस्तीस मीटर हवा. तो नसेल तर नौकेचा ताण नांगराला आडवा ओढण्याऐवजी वर उचलतो, पाते चिखलातून सुटते आणि घर निघते प्रवासाला. उलट पस्तीस मीटर दोर सोडला तर सुकतीला नौका केवढ्या तरी मोठ्या वर्तुळात फिरणार, तेव्हा शेजारी दुसरी होडी नको आणि वाळूची दांडीही नको. त्यातून खाडीत नौका वाऱ्याला तोंड करून उभी राहत नाही, प्रवाहाला करते. प्रवाह फिरला की तीही फिरते. ओहोटीचे पाणी बाहेर धावते आहे आणि समोरून वारा आहे, अशा वेळी लाटा आखूड व उभ्या होतात, भांडी वाजू लागतात, झोप कोणालाच लागत नाही. रात्री प्रवाह फिरण्याच्या सुमारास एकाने तरी जागे राहून नांगराच्या दोराला हात लावून पाहायचे, कारण नांगर घसरत असेल तर दोरातली थरथर हाताला कळते.

हे वेळापत्रक वाचण्याची रीत आपल्याकडे पंचांगात आहे. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. पाऊण तासाचा हिशोब त्याच्या अगदी जवळचा आहे. घड्याळ नसलेल्या माणसाला यापेक्षा सोपे कोष्टक देता येणार नाही. याच कोष्टकावरून घराची दिनचर्या निघते. चतुर्थीला पहाटे तीनला भरती पूर्ण, म्हणजे चिखलात बसलेली होडी त्याच सुमारास बाहेर काढायची; स्वयंपाक त्याआधी आणि झोप त्याहून आधी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती कमी चढते. उधाणात वर चढवून ठेवलेली होडी त्या दिवसांत तरंगतच नाही, आणि माणसांना सक्तीची विश्रांती मिळते.

वाऱ्याचेही वेळापत्रक आहे. दिवाळीपासून होळीपर्यंतच्या काळात रात्री व पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो, दुपारनंतर वायव्येकडून समुद्रावरचा वारा येतो. अर्नाळ्याहून मुंबईकडे निघालेल्या शिडाच्या होडीला मतलई बाहेर काढतो, दुपारचा वारा पुढे नेतो. वसईच्या खाडीपासून कुलाब्यापर्यंतचे अंतर पंचवीस सागरी मैलांहून थोडे अधिक आहे आणि एका ओहोटीचे तास सहाच. मधे मनोरी, वेसावे, माहीम या खाड्या आहेत. या खाड्यांच्या तोंडाशी वस्त्या का वाढल्या, याची कारणे अनेक असतील. मधल्या मुक्कामाची गरज हे त्यांतले एक कारण मानल्याशिवाय मला तरी हा किनारा नीट समजत नाही.

या प्रदेशाची पाण्याशी असलेली ओळख जुनी आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, सोपाऱ्याचे नाव येते. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथूनच उजेडात आला. आर्यशूराच्या ‘जातकमाला’त सोपाऱ्याशी नाव जुळणाऱ्या सुपारग या वृद्ध नाविकाची कथा आहे; पाण्याचा रंग, मासे, पक्षी यांवरून आपण कोणत्या समुद्रात आहोत हे तो ओळखतो. कथा धर्मोपदेशाची असली तरी त्यात सांगितलेले कौशल्य खऱ्या दर्यावर्द्यांचे आहे. आगाशी हे सोळाव्या शतकात जहाजबांधणीचे नावाजलेले ठिकाण होते. 1530 च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते जाळले. 1860 च्या दशकात विरारहून मुंबईला रेल्वे सुरू झाली आणि माणसांना व मालाला पाण्यावाचून दुसरी वाट मिळाली.

आधीच्या अभ्यासकांचे ऋण मोठे आहे. जेम्स हॉर्नेल यांनी 1920 मध्ये भारतीय नौकांच्या बांधणीवर लिहिले, विजया पुणेकर यांनी 1959 मध्ये मुंबईच्या सोनकोळ्यांवर, भा. कृ. आपटे यांनी 1973 मध्ये मराठा आरमार व व्यापारी जहाजांवर. पण आपल्या क्षेत्राला सर्वांत जवळचा नमुना मला अॅलन व्हिलियर्स यांचा वाटतो. हा ऑस्ट्रेलियन खलाशी 1938-39 मध्ये अरबी शिडाच्या जहाजावर एडनहून आफ्रिकेचा किनारा आणि तिथून कुवेतपर्यंत राहिला. खलाशी कुठे झोपतात, उतारू कसे कोंबले जातात, नाखवा कर्ज कसे फेडतो, हे त्याने जहाजावर राहून टिपले. आपल्या फत्तेमारीवर आणि मचव्यावर असे राहून लिहिणारा कोणी मिळाला असता तर आज आपले काम कितीतरी सोपे झाले असते.

हौशीने नौकेवर राहण्याची आधुनिक परंपराही या क्षेत्रात येते. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबत, पृथ्वीप्रदक्षिणा करून मे 2010 मध्ये परतले. ही 56 फुटी नौका गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. 2017-18 मध्ये ‘तारिणी’वर सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी प्रदक्षिणा केली. ही उदाहरणे महासागराची आहेत, किनाऱ्याची नव्हेत. किनाऱ्याजवळ राहणे काही बाबतींत अधिक अवघड असते, कारण खडक, डोल जाळ्यांचे खांब आणि उथळ पाणी यांमुळे माणसाला सलग झोप मिळत नाही. वसईजवळच्या पाण्यात हौशी नौका आणायची असेल त्याने जाळी कुठे लावली आहेत हे आधी कोळ्यांना विचारावे. इथे तो त्यांचा पाहुणा आहे.

नव्या अभ्यासकाला तातडीचे काम मी एकच सुचवीन, आणि ते म्हणजे खुणांची नोंद. तुंगारेश्वरचा डोंगर, जीवदानीचा डोंगर, अर्नाळ्याचा किल्ला, चर्चचे मनोरे हे समुद्रावरून दिसतात. यांपैकी दोन खुणा एका रेषेत आल्या की तांडेलाला आपली जागा कळते. तशाच दुसऱ्या दोन जुळल्या की जागा पक्की होते. अशा जोड्या कागदावर क्वचितच आल्या आहेत. त्या जाणणारे, शिडावर काम केलेले लोक आता फार वयस्कर आहेत. विरार-नालासोपाऱ्याच्या उंच इमारतींनी काही खुणा झाकल्या असतील, काही नव्या दिल्या असतील. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली आहे, तेव्हा वसईच्याच जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावरची नोंद तर आधी व्हायला हवी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसे घरी भेटतात. तेव्हाच जावे. सोबत किनाऱ्याचा नकाशा आणि पंचांग न्यावे, आणि पहिल्यांदा विचारावे : रात्री नांगर कुठे टाकत होतात, किती पाण्यात, आणि कोणत्या दोन खुणा जुळवून?