रफ रॉकचे आईबाप

आमच्या आश्रमशाळेत पावरी बोलणारी पोरं पहिलीत मराठी पुस्तक उघडतात आणि रात्री घराच्या आठवणीनं रडतात. म्हणूनच ॲरिझोनातल्या रफ रॉकची गोष्ट मला फार मोलाची वाटते.

नवाहो या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीच्या मुलांच्या कित्येक पिढ्या सरकारी निवासी शाळांत गेल्या. तिथं केस कापले जायचे, नवाहोत बोललं की शिक्षा व्हायची. १९६६ साली रफ रॉकला निराळी शाळा उघडली. तिचं मंडळ गावानंच निवडलं. सगळे सभासद नवाहो, बहुतेकांचं शिक्षण जेमतेम. तरी शाळेचा कारभार त्यांच्या हाती. केवढा हा विश्वास! गावातले आईबाप पाळीपाळीनं वसतिगृहात राहायला येत, तेही पगारावर. मुलांना निजवत, गोष्टी सांगत. कोल्ह्यासारख्या धूर्त कायोटीच्या गोष्टी मात्र हिवाळ्यातच, कारण रीतच तशी. वर्गात नवाहो आणि इंग्रजी दोन्ही भाषा. नवाहो पुस्तकांची वानवा होती, तेव्हा शाळेनंच अभ्यासक्रम केंद्र काढून वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या कथा छापल्या.

पैसा वॉशिंग्टनहून यायचा. त्यासाठी मंडळाला वारंवार झगडावं लागलं.