दहा सेंटांचं जहाज

२० नोव्हेंबर १८३९ रोजी पॅसिफिक महासागरातल्या एरोमांगा बेटाच्या किनाऱ्यावर जॉन विल्यम्स हा इंग्रज मिशनरी मारला गेला. लंडन मिशनरी सोसायटीचा हा माणूस लोहारकामाच्या दुकानात उमेदवारी केलेला. बेटाबेटांवर जायचं तर स्वतःचं गलबत हवं, म्हणून रारोटोंगा बेटावर त्यानं जेमतेम हत्यारांनिशी एक बांधून काढलं होतं. भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लं, तर त्याला हवा फुंकण्याची दुसरी युक्ती शोधावी लागली. त्याच्या मृत्यूची बातमी इंग्लंडमध्ये पोहोचली तेव्हा त्याचं नाव घराघरांत ठाऊक होतं. त्याच्या नावानं जहाज बांधावं असं ठरलं आणि सोसायटीनं हात पसरला तो मुलांपुढे.

ब्रिटनमधल्या मुलांनी ६,२३७ पौंड जमवले. १८४४ मध्ये हार्विच बंदरात ‘जॉन विल्यम्स’ पाण्यात उतरलं. मुलं त्याआधीही मिशनसाठी पैसे देत होती, पण ते पैसे मोठ्यांच्या वर्गणीत मिसळून जात. आता त्यांच्या पैशांना शिडं होती, खलाशी होते आणि ते कुठे पोहोचले हे नकाशावर बोट ठेवून सांगता येत होतं. आज ख्रिस्ती शिबिरांत ‘या पैशातून हे घेऊ’ असं सांगून मुलांचं अर्पण गोळा होतं, त्या पद्धतीचं कूळ मला या जहाजात दिसतं. १८६४ मध्ये ते पुकापुका बेटापाशी फुटलं. मुलांनी दुसरं दिलं, ते १८६७ च्या जानेवारीत निउए बेटापाशी गेलं. मग तिसरं आलं. हे नाव विसाव्या शतकापर्यंत एकामागून एका जहाजानं चालवलं.

अमेरिकेनं यात एका कागदाची भर घातली. ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था मराठी वाचकाला परकी नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना तिनंच धाडलं होतं, ते १८१३ मध्ये मुंबईत उतरले. अहमदनगरचं मिशन तिचंच, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही त्याच मिशनचं. १८५६ मध्ये याच बोर्डाला मायक्रोनेशियाच्या बेटांसाठी जहाज हवं होतं. त्यांनी जहाजाचे भाग काढले. एका भागाची किंमत दहा सेंट, आणि पैसे देणाऱ्या मुलाला छापील प्रमाणपत्र. जहाजाचं नाव ‘मॉर्निंग स्टार’. डिसेंबर १८५६ मध्ये मिशनरी हायरम बिंगहॅम आणि त्यांची पत्नी यांना घेऊन ते बोस्टनहून निघालं आणि केप हॉर्नला वळसा घालून पुढच्या एप्रिलमध्ये होनोलुलूला लागलं.

हे प्रमाणपत्र मला फार महत्त्वाचं वाटतं. एरवी देणारं मूल पैसे पेटीत टाकून मोकळं व्हायचं. इथे ते मालक झालं. मालकाला जहाजाची खबर हवी असते. ती देणं संस्थेला भाग पडलं, आणि मुलांसाठी त्या जहाजाच्या हकिगती लिहिल्या गेल्या. दुसरं ‘मॉर्निंग स्टार’ १८६६ मध्ये निघालं तेव्हा त्याचे कप्तान खुद्द बिंगहॅमच होते.

मुलांच्या दानावर टीका करणारेही तेव्हाच होते. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’मध्ये पार्डिगल बाई आपल्या मुलांचा खाऊचा पैसा परस्पर दूरदेशच्या सत्कार्यांना देऊन टाकतात आणि मुलं रागानं धुमसत राहतात. ही कादंबरी १८५२-५३ ची, म्हणजे पहिलं ‘जॉन विल्यम्स’ आणि पहिलं ‘मॉर्निंग स्टार’ यांच्या मधली. डिकन्सचं म्हणणं मला पटतं. मुलाचा हात धरून करवलेलं दान हे मुलाचं नव्हे. पण ज्या मुलानं स्वतः वाचवून दहा सेंट दिले, त्याचा आनंदही खरा होता.

माझी तक्रार दुसरी आहे. इंग्लंडच्या मुलांना एरोमांगाची माणसं क्रूर म्हणूनच भेटली. विल्यम्स येण्यापूर्वी चंदनाच्या व्यापाऱ्यांनी त्या भागात किती रक्त सांडलं होतं आणि बेटावरचे लोक गोऱ्या माणसाला का भीत होते, हे जहाजासाठी पैसे देणाऱ्या वयाला कोण सांगणार? तो हिशेब पूर्ण व्हायला २००९ उजाडलं. विल्यम्सचे वंशज एरोमांगाला गेले, बेटावरच्या लोकांनी क्षमा मागितली आणि समेटाच्या विधीत सात वर्षांची एक मुलगी त्या कुटुंबाच्या हवाली केली. कुटुंबानं तिच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली.

मुलांच्या दानाचा हाच ओघ कॅथलिकांकडे वेगळ्या वाटेनं आला. फ्रान्समधल्या नान्सीचे बिशप फोर्बिन-जान्सन यांनी १८४३ मध्ये मुलांचा संघ काढला. रोज एक छोटी प्रार्थना आणि महिन्याला एक सू, म्हणजे तिथलं चिल्लर नाणं, एवढीच अट. ‘होली चाइल्डहूड’ म्हणून तो जगभर पसरला. प्रॉटेस्टंटांत असेंब्लीज ऑफ गॉड या अमेरिकी पंथानं १९४९ मध्ये मुलांच्या हाती पिंपाच्या आकाराचा छोटा गल्ला दिला. तो भरून आणायचा, आणि उन्हाळी शिबिरांत तर मुलगे विरुद्ध मुली अशी चुरस लावून नाणी मोजायची.

मुंबई-वसईकडे ऑक्टोबरातल्या मिशन संडेला चर्चच्या आवारात खाण्याचे आणि खेळांचे स्टॉल लागतात. तिथे मुलं घरून करून आणलेले पदार्थ विकतात, गिऱ्हाइकाला हाका मारतात आणि संध्याकाळी गल्ला मोजून धर्मगुरूंकडे देतात. ते पैसे कुठे जाणार, हे विचारणारं एखादं मूल त्यांत असतंच. त्याला पत्ता सांगावा, आणि तिथली माणसं कोण आहेत तेही सांगावं.