संमेलनाची जागा आणि न आलेली माणसे

संमेलनाला कोण आले हे इतिहासात सापडते. कोण येऊ शकले नाही याची नोंद कोणी ठेवत नाही. अमेरिकेतल्या विज्ञानकथेच्या चाहत्यांचा इतिहास वाचताना हे मला पुन्हा पुन्हा जाणवले. विज्ञानकथेचा आणि आपला काय संबंध, असे विचारणारे मित्र आहेत. परग्रहावरच्या प्राण्यालाही माणसासारखे वागवावे असे सांगणाऱ्या साहित्याचे वाचक जमत होते कोणाच्या दारात, हा प्रश्न मला तरी आपला वाटतो.

सुरुवात चांगली होती. 1929 साली न्यूयॉर्कमध्ये ‘सायन्सिअर्स’ हे वाचकमंडळ निघाले. अशा अगदी पहिल्या मंडळांपैकी ते एक. अध्यक्ष वॉरेन फिट्झजेराल्ड काळा होता आणि बैठका हार्लेममधल्या त्याच्या घरी भरत. पुढे व्याप वाढला. 1939 मध्ये न्यूयॉर्कलाच पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन झाले, आणि मग दरवर्षी नवे शहर. घर सुटले, हॉटेल आले. घरात यजमानाची रीत चालते. हॉटेलात हॉटेलची आणि त्या शहराच्या कायद्याची.

1950 चे संमेलन पोर्टलंडला होते. तिथे हजर असलेल्यांनी पुढच्या वर्षासाठी न्यू ऑर्लिन्स निवडले. हजर असलेल्यांनी, हे शब्द महत्त्वाचे. जो आला तोच पुढची जागा ठरवणार; जो आला नाही त्याला मतही नाही. 1951 च्या सप्टेंबरात, कामगार दिनाची सुट्टी साधून, तिथल्या सेंट चार्ल्स हॉटेलात संमेलन भरले. त्यातल्या एका खोलीत रात्रभर रंगलेल्या मैफिलीच्या आठवणी चाहते अजून चवीने सांगतात.

पण न्यू ऑर्लिन्स म्हणजे काय? होमर प्लेसी 1892 मध्ये गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून अटकेत गेला, ते याच शहरात. त्याच्याच खटल्यात 1896 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर शिक्का मारला. 1951 मध्येही शहरातल्या मोठ्या हॉटेलांत काळ्या पाहुण्याला खोली मिळत नव्हती. रस्त्यात कुठे जेवता येईल, कुठे पाठ टेकता येईल, हे सांगणारी ‘ग्रीन बुक’ नावाची पुस्तिका काळ्या प्रवाशांसाठी 1936 पासून निघत होती. समजा, शिकागोचा एखादा काळा वाचक तीच मासिके वाचतो, त्याच लेखकांना पत्रे लिहितो. त्याला संमेलनाला येऊ नका असे कोणीही म्हणाले नाही. म्हणायची गरजच नव्हती. गावाचे नाव वाचून त्याला सारे कळत होते. आपल्याकडेही निमंत्रणपत्रिकेवर ‘सर्वांना सादर निमंत्रण’ असेच छापलेले असते.

याच दशकात कॅलिफोर्नियातल्या टेरी कार वगैरे गोऱ्या तरुणांनी कार्ल ब्रँडन नावाचा एक काळा चाहता कल्पनेतून उभा केला. त्याच्या नावाने चाहत्यांच्या छोट्या मासिकांत लेखन येई आणि लोक ते आवडीने वाचत. कागदावरच्या काळ्या माणसाला सगळीकडे प्रवेश होता. त्याला हॉटेलात खोली लागत नव्हती.

आणि मनात आणले तर नकाशाही हलतो. साउथ गेट या गावी 1958 मध्ये संमेलन भरावे अशी घोषणा रिक स्नीअरी या, प्रकृतीने अधू असलेल्या, चाहत्याने दहा वर्षे चालवली होती. संमेलन प्रत्यक्षात भरले लॉस एंजेलिसच्या हॉटेलात. पण महापौरांनी फर्मान काढून ती जागा तेवढ्यापुरती साउथ गेटमध्ये धरली! गमतीची गोष्ट खरीच. फक्त हे साउथ गेट म्हणजे वॉट्स या काळ्या वस्तीला लागून असलेले, पण काळ्यांना घर न देणारे गोऱ्या कामगारांचे गाव होते, एवढे त्या गमतीत कोणी सांगत नाही.

विक्रेत्यांचे गणित वेगळे आहे. जुनी मासिके, पुस्तके विकणारा माणूस गाडीत खोकी भरून येतो. पुस्तक जड असते. अंतर वाढले की नफा पेट्रोलात आणि खोलीभाड्यात जातो. दीक्षाभूमीवर पुस्तकांचे गठ्ठे घेऊन येणाऱ्या आपल्या विक्रेत्याला जागा आणि तारीख तरी आधीपासून पक्की ठाऊक असते. इथे दरवर्षी नवे गाव. म्हणून अमेरिकेचे पश्चिम, मध्य, पूर्व असे भाग पाडून पाळी लावली गेली. 1957 मध्ये संमेलन लंडनला, 1970 मध्ये हायडेलबर्गला, 1975 मध्ये मेलबर्नला गेले. समुद्रापलीकडे गाडी जात नाही, आणि सीमेवर जकात असते. मेलबर्नच्या वर्षी मागे राहिलेल्यांनी अमेरिकेतच वेगळे संमेलन भरवले. ‘जागतिक’ शब्द खरा व्हायला लागला की पहिला खर्च छोट्या विक्रेत्याच्या खिशातून जातो, हेही मान्य केले पाहिजे.

डिसेंबर 2021 मध्ये वॉशिंग्टनला 2023 च्या जागेसाठी मतदान झाले. चीनमधल्या चेंगडूला 2,006 मते पडली, कॅनडातल्या विनिपेगला 807. चेंगडूच्या बऱ्याच मतपत्रिकांवर घर-रस्त्याचा पत्ता नव्हता, म्हणून ती मते मोजू नयेत असा आग्रह धरला गेला. पत्त्यावरून माणूस जोखणे आपल्याला नवे नाही; माझ्या वडिलांच्या टपालावर गावाच्या आधी वस्तीचे नाव असे आणि जात तिथेच कळे. शेवटी मते मोजली गेली. पण ऑक्टोबर 2023 मध्ये तिथे जे घडले त्यानेही समाधान होत नाही. ह्युगो पुरस्कारासाठी काही लेखक कारण न देता अपात्र ठरवले गेले. चीनच्या कायद्याचा विचार करून त्यांच्या राजकीय मतांची माहिती जमवली गेली होती, आणि जमवणाऱ्यांत उत्तर अमेरिकेतलेच कारभारी होते, हे 2024 च्या सुरुवातीला त्यांच्या पत्रव्यवहारातून बाहेर आले.

त्या काल्पनिक कार्ल ब्रँडनचे नाव घेऊन 1999 मध्ये खऱ्याखुऱ्या काळ्या आणि इतर अश्वेत वाचक-लेखकांनी संस्था काढली. गोरे नसलेल्या वाचकांना संमेलनाला जाता यावे म्हणून 2009 मध्ये एक निधीही सुरू झाला. प्रवासाचे भाडे, खोलीचे भाडे, प्रवेशाची वर्गणी, अशा साध्या खर्चांसाठी.