वाढलेली बांगडी कुणाची?

गोव्यातल्या माणसाला बेळगाव म्हणजे भाजी, दूध, कुंदा आणि लग्नाचा बस्ता. चोर्ल्याचा घाट चढायचा, शहापूरला साड्या बघायच्या, खडेबाजार आणि गणपत गल्लीत किरकोळ खरेदी उरकायची आणि रात्रीपर्यंत घरी परतायचं. त्याच्या पलीकडची निपाणी आपल्याला ठाऊक असते ती कोल्हापूरला जाताना हायवेवर दिसणाऱ्या पाटीपुरती.

या सीमाभागाचा इतिहास सांगायला बसलं की ठरलेल्या गोष्टी येतात. निपाणकर देसाई, १९५६ ची राज्य पुनर्रचना, खानापूर-निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरलाच असं सुचवणारा महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, आणि २०१४ साली बेळगावचं झालेलं बेळगावी. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण या साऱ्या धामधुमीत तिथल्या बायका घर चालवण्यासाठी वरचे चार पैसे कसे मिळवत होत्या, हे कुणी फारसं लिहीत नाही. हल्ली तिथे (आणि आपल्याकडेही) घरबसल्या क्रीम, पावडर, लिपस्टिक विकणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. हा धंदा नवा वाटतो, पण त्याच्यामागे बराच इतिहास आहे आणि तो बांगडीपासून सुरू होतो.

साजशृंगाराचा माल दारात घेऊन येणारा पहिला माणूस म्हणजे कासार. आपल्याकडे लग्नात चुडा भरायला काकणकार येतो, तसा घाटावर कासार किंवा कासारीण. बाईमाणसाने बाजारात जाऊन हात पुढे करायचा नाही, म्हणून बाजारच ओसरीवर यायचा. कुंकू, काजळ, फण्या विकणारे वेगळे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत हिरव्या बांगड्या आणि कुंकू-भंडाऱ्याची केवढी विक्री होते, ते जाऊन आलेल्यांना सांगायला नको. खेड्यातला व्यवहार बराचसा उधारीवर किंवा धान्यावर चालायचा. आणि कासाराचा एक नियम सगळीकडे सारखा होता. बांगडी भरताना वाढली (फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं), तर तिचे पैसे गिऱ्हाइकाने द्यायचे नाहीत. हातात शाबूत बसल्या तेवढ्याच मोजायच्या. मोडतोड कासाराची.

हा नियम कुठल्या कायद्यात नव्हता. पण त्यात एक मोठा न्याय होता. माल ज्याचा, नफा ज्याचा, नुकसानही त्याचंच. पुढची सगळी गोष्ट समजायला हा नियम लक्षात ठेवावा.

आता निपाणी. निपाणीचं नाव झालं तंबाखूने. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी तिथे हायवे अडवला, गोळीबार झाला, शेतकरी मेले. ते आंदोलन सगळ्या देशाला माहीत झालं. पण त्याच तंबाखूवर जगणाऱ्या बायकांची लढाई त्याआधीच सुरू झाली होती. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बायका संघटित झाल्या. प्रा. सुभाष जोशी यांनी त्यांची आणि बिडी कामगारांची संघटना बांधली. 'युगांतर' या महिला चित्रपट गटाने १९८२ साली या निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर 'टोबॅको एम्बर्स' नावाचा माहितीपट केला. दीपा धनराज या गटातल्या.

वखारीतल्या बायका निदान दिसत तरी होत्या. घरी बसून बिड्या वळणारी बाई कुणालाच दिसत नव्हती. तिचं काम असं. ठेकेदाराकडून मोजून पाला, तंबाखू आणि दोरा आणायचा. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, मांडीवर सूप घेऊन वळत बसायचं. हजार बिड्यांचा भाव ठरलेला. मग त्या मोजून द्यायला जायचं आणि तिथे निघायची छाट. ही बारीक, ती सैल, हिचं पान फाटकं, असं म्हणत ठेकेदार मूठभर बिड्या बाजूला काढणार. त्यांचे पैसे नाहीत. बऱ्याच ठिकाणी त्या छाटीच्या बिड्या परतही मिळत नसत. पाला कमी पडला तर पदरच्या पैशाने विकत आणून हजाराचा आकडा भरायचा.

म्हणजे कासाराचा नियम इथे उलटा झाला. माल मालकाचा, नफा मालकाचा आणि मोडतोड बाईची.

आणि मालक काय म्हणत होते? या बाया आमच्या नोकर नाहीतच. त्या आपल्या घरी, आपल्या सवडीने काम करतात. त्या स्वतंत्र आहेत!

हा 'स्वतंत्र' शब्द फार मोलाचा आहे, म्हणून जरा कायद्याकडे वळतो. १९६६ साली संसदेने बिडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला आणि कामगार या शब्दात घरी बसून बिडी वळणारीलाही धरलं. मंगळूर गणेश बिडी वर्क्स आणि इतर कारखानदार त्याविरुद्ध न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पुढे १९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला आणि १९७७ पासून या धंद्याला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. तेव्हा पुन्हा तोच वाद, घरी बसलेली बाई आमची नोकर कशी? १९८५ साली पी. एम. पटेल आणि सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचं उत्तर दिलं. न्यायालयाने जो मुद्दा धरला तो मला फार आवडतो. कच्चा माल तुम्ही देता, तयार माल तुम्ही घेता आणि त्यातला नाकारायचा अधिकार तुम्ही राखून ठेवता. मग त्या कामावर ताबा तुमचाच झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर छाट काढतो तो मालक.

हातात बिडी कार्ड आलं म्हणजे सुख आलं असं नव्हे. मजुरी कमीच होती, तंबाखूच्या धुरळ्याने छाती भरायची ती भरायचीच. पण दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती, फंडाची थोडी रक्कम, एवढं तरी त्या कार्डाने दिलं. आणि मुख्य म्हणजे ती बाई कागदावर कामगार झाली. तो १९६६ चा कायदा आता नव्या कामगार संहितांत जमा झाला आहे, पण तो मिळवण्यासाठी लागलेली वर्षं विसरून चालणार नाही.

आता सौंदर्यप्रसाधनांकडे येऊ. घरोघर जाऊन बायकांनी बायकांना असा माल विकायची पद्धत अमेरिकेतली. १८८६ साली डेव्हिड मॅकॉनेल या पुस्तकं विकत फिरणाऱ्या माणसाने सुगंधी द्रव्यांची कंपनी काढली. तीच पुढे एव्हॉन झाली. न्यू हॅम्पशायरमधल्या मिसेस आल्बी या तिच्या पहिल्या विक्रेत्या. नमुने दाखवायचे, ऑर्डर घ्यायची आणि मग माल पोचवायचा, अशी ती रीत. नंतर त्यात दुसरी कल्पना मिसळली. तुम्ही नुसता माल विकू नका, विकणारी माणसंही जोडा, त्यांच्या विक्रीतही तुम्हाला वाटा. १९५९ साली निघालेली अॅमवे याच पद्धतीची. तिच्यावर ही साखळी योजना आहे असा आरोप झाला आणि १९७९ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ती तशी नाही असा निर्णय दिला. कारणं वाचण्यासारखी आहेत. घेतलेल्या मालापैकी निदान ७० टक्के माल विकल्याशिवाय नवा घ्यायचा नाही, दर महिन्याला दहा गिऱ्हाइकांना प्रत्यक्ष विक्री झाली पाहिजे आणि न खपलेला माल परत घेतला जाईल, हे कंपनीचे नियम होते. शेवटी तिथेही प्रश्न वाढलेल्या बांगडीचाच निघाला!

आपल्या देशात या कंपन्या आल्या उदारीकरणानंतर. ओरिफ्लेम १९९५, मोदीकेअर १९९६, अॅमवेचा प्रत्यक्ष व्यवहार १९९८. बेळगाव-निपाणीसारख्या गावांत त्यांना तयार जमीन मिळाली. मुली शिकल्या होत्या, पण नोकऱ्या नव्हत्या. लग्न करून आलेल्या सुनेने बिड्या वळाव्यात असं कुणाला वाटेना, स्वतः सासूलाही नाही. आणि घरात बसून, चार घरी जाऊन-येऊन पैसे मिळवायची सवय तर पिढ्यान्‌पिढ्यांची.

माझी एक मावसबहीण निपाणीत दिली आहे. तिची सासू चौथीच्या पुढे शिकली नाही. जन्मभर बिड्या वळल्या. तिला कार्ड होतं, फंड मिळाला आणि त्या पैशात तिने मागची पडवी बांधून घेतली. माझी बहीण बी.ए. झालेली. तिने एका कंपनीचा माल विकायला घेतला. तिच्याही हातात कार्ड आलं, चांगलं गुळगुळीत, फोटोसह. त्यावर ती 'स्वतंत्र उद्योजिका' होती. हळदीकुंकवाला, भिशीला, शाळेच्या फाटकाशी तिने माल विकला. काही महिने बरे पैसे सुटले, नाही असं नाही. पण वरची पायरी गाठायला दर महिन्याला ठरावीक खरेदी लागायची. विक्री कमी पडली की ती स्वतःच माल घ्यायची. शेवटी तारीख उलटून गेलेल्या क्रीमचे डबे खाटेखालच्या ट्रंकेत राहिले आणि नात्यातल्या दोन बायका बोलायच्या बंद झाल्या, कारण तिने त्यांनाही साखळीत घेतलं होतं.

सासू एकदा तिला म्हणाली, "आमची छाट ठेकेदार काढायचा. तुझी तूच काढतेस बघ."

इतकं नेमकं मला कुठल्या ग्रंथात वाचायला मिळालेलं नाही.

ठेकेदार निदान कच्चा माल देत होता. इथे बाईने पैसे मोजून तयार माल आधी घरात आणायचा, मग खपवायचा. कंपनीचा माल कंपनीच्या दृष्टीने तेव्हाच खपलेला असतो. त्यामुळे १९८५ चा तो निकाल तिच्या कामाला येत नाही. कंपनी तिचा माल नाकारत नाही, नाकारायला तो तिच्याकडून घेतेच कुठे?

सरकारने याकडे अगदी दुर्लक्ष केलं असं नाही. साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ चाच. २०१६ साली केंद्राने थेट विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रवेश फी घेऊ नये, खपेल त्यापेक्षा जास्त माल घ्यायला लावू नये, विकण्यासारखा शिल्लक माल परत घ्यावा, असं त्यात होतं. पण ती सल्ल्यासारखी होती. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली रीतसर नियम आले आणि थेट विक्रीच्या आडून साखळी योजना चालवायला मनाई झाली. त्याच नियमांत विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नये असंही आहे. निपाणीच्या गल्लीत शेजारणीकडे जायला आधी वेळ मागणारी बाई कशी दिसेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मी सरकारी कारकून. आमच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला नियम १५ आम्हाला सांगतो की घरातलं कुणी व्यापार किंवा कमिशन एजन्सी करत असेल तर सरकारला कळवा, आणि त्यासाठी स्वतः गिऱ्हाईक शोधत फिरू नका. बायकोने क्रीम विकलं तर तो 'व्यापार' म्हणून फाइलला लागतो. म्हणजे नवऱ्याने कळवायचं झालं की ती व्यापारी. पण आजारपण, म्हातारपण, फंड यांचा प्रश्न आला की ती कुणाचीच कुणी नाही. स्वतंत्र!

हा धंदा करूच नये असं मला म्हणायचं नाही. वरचे हजार-दोन हजार रुपये घरात किती उपयोगी पडतात ते महिनाअखेरीला आम्हा नोकरदारांनाही कळतं. ऑर्डर घेऊन मगच माल मागवणाऱ्या, उधारी न ठेवणाऱ्या आणि माणसं जोडायच्या फंदात न पडणाऱ्या बायका यात टिकून आहेत. कासारणीची अक्कल त्यांच्यात आहे. बाकीच्यांनी अर्जावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं. खपला नाही तर हा माल कुणाचा?