भडल्याचे ऊन

जयपूरचे आदर्श नगर ही फाळणीनंतर मुलतानकडून आलेल्या अनेक कुटुंबांनी आपलीशी केलेली वस्ती. ज्येष्ठातल्या भर दुपारी तेथे रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. घराघरांतून कूलर तेवढे घरघरत असतात. उन्हाच्या निवारणासाठी लागणाऱ्या या विजेचा काही अंश आज त्याच उन्हापासून निर्माण होतो, ही गोष्ट मला मोठी कौतुकाची वाटते.

या नगरीला सूर्य नवा नाही. सवाई जयसिंगाने १७२७ साली जयपूर वसविले आणि पुढील काही वर्षांतच तेथे वेधशाळा उभारली. तिच्यातील सम्राट यंत्राची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. ती डोळ्यांना सरकताना दिसते. ही सूर्याला मोजण्याची विद्या झाली. त्याला राबविण्याची विद्या देशात मोठ्या प्रमाणावर येण्यास पावणेतीनशे वर्षे जावी लागली. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियानास प्रारंभ झाला, आणि योगायोग असा की त्याच वर्षीच्या जुलैत जयसिंगाची वेधशाळा जागतिक वारशाच्या यादीत गेली.

अभियानाचे पहिले उद्दिष्ट २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे होते. २०१५ साली ते एक लाखावर नेण्यात आले. या वाढीचे सर्वांत ठळक स्थळ म्हणजे जोधपूरच्या उत्तरेस, फलोदीच्या बाजूला असलेले भडला. चार टप्प्यांत ६५, ६८०, १,००० आणि ५०० असे मिळून २,२४५ मेगावॅटचे हे उद्यान सुमारे १४,००० एकरांवर पसरले आहे. 'उद्यान' हा शब्द येथे थोडा विनोदीच वाटतो. याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. आणि गंमत अशी, की सौरपट्ट्यांना प्रकाश मानवतो, उष्णता मानवत नाही. पट्टी तापली की तिचे उत्पादन घटते. त्यातच वाळू बसते. पाणी दुर्मिळ असल्याने तेथे कोरड्या ब्रशांची यंत्रे पट्ट्यांवरून फिरवून ती झाडतात.

भडल्याचे खरे ऐतिहासिक महत्त्व मात्र दराचे आहे. २०१० च्या अखेरीस झालेल्या लिलावात सौर विजेचा सर्वांत कमी दरही युनिटला दहा रुपयांच्या वर होता. मे २०१७ मध्ये भडल्याच्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. परदेशी, विशेषतः चिनी, पट्ट्यांच्या किमती कोसळल्या हे एक कारण. दुसरे कारण आमच्या व्यवसायाला जवळचे आहे. जमीन, रस्ते आणि वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या यांची सोय आधीच करून ठेवल्यामुळे उद्योजकाच्या शिरावरील जोखीम हलकी झाली. नुसत्या यंत्राने हा चमत्कार केला नसता.

पट्टीतून निघणारा प्रवाह एकदिश असतो. इन्व्हर्टर त्याचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो, मग तो ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्यांपर्यंत चढविला जातो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले, तेव्हा हा सारा देश एका तालावर चालू लागला. या ऐक्यात आपल्या सोलापूरचा वाटा आहे, हे मराठी श्रोत्यांनी अवश्य ध्यानी ठेवावे. तरीही सूर्यास्त व्हावयाचा तो होतोच. दिवेलागणीला मागणी चढते आणि भडला निजते. त्या वेळी कोळसा, जलविद्युत आणि साठवणीची साधने यांनाच भार पेलावा लागतो.

आता जमिनीविषयी. आमच्या महसुली दप्तरात 'पडीक' हा एक शब्द आहे. तो लिहिण्यास फार सोपा. परंतु मारवाडात ज्या जमिनीवर नांगर चालत नाही, तिच्यावर मेंढ्या, उंट चरतात. तिच्यात ओरण असतात, म्हणजे आपल्याकडच्या देवराया. कुंपण पडले की गुराख्याची वाट मोडते, आणि त्याच्या नावावर उतारा नसल्याने मोबदल्याच्या यादीतही तो येत नाही. उतारा असला म्हणजे सर्व ठीक होते, असेही नव्हे. आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात सौर केंद्र उभे राहिले. त्याच जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यापायी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयातच विष घेतले आणि ते त्यात गेले. शासकीय सेवकाने ही घटना आठवल्यावाचून सौरऊर्जेचा गौरव करू नये, असे माझे मत आहे.

मारवाडातील दुसरा प्रश्न खेजडीचा, म्हणजे आपल्या शमीचा. जयसिंगाची वेधशाळा उभी राहत होती त्याच सुमारास, १७३० साली, जोधपूरजवळच्या खेजडली गावी महाराज अभयसिंगाच्या माणसांनी चुन्याच्या भट्ट्यांसाठी खेजड्या तोडावयास घेतल्या. अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी झाडांना मिठ्या मारून प्राण दिले, असे सांगतात. १९८३ मध्ये खेजडी हा राजस्थानचा राज्यवृक्ष झाला. २०२४ पासून बीकानेर भागात याच झाडासाठी पुन्हा धरणी धरली गेली. या वेळी कुऱ्हाड होती ती सौर प्रकल्पांसाठी जमीन मोकळी करणारांची.